राखीव विद्युत् घटमाला, स्वयंचलित

मुख्य वीजपुरवठा खंडित होताच, कोणीही कळ न दाबता, एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या उपकरणांना वीज पुरवीत राहणाऱ्या संचायक घटांच्या जोडणीस स्वयंचलित राखीव घटमाला असे म्हणतात. घरोघरी दिसणारा इन्व्हर्टर हा याच कुळातला असला, तरी त्यात घटमालेच्या एकदिश प्रवाहाचे पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करावे लागते व त्यात काही ऊर्जा वाया जाते. तारायंत्र, दूरध्वनी केंद्र, लोहमार्गावरील सिग्नल, आगगाडीच्या डब्यातील दिवे, बिनतारी संच ही साधने मुळातच एकदिश प्रवाहावर चालणारी असल्याने त्यांना घटमाला थेट जोडता येते.

अशी जोड तीन प्रकारे देता येते. पहिला प्रकार हाताने फिरवावयाच्या कळीचा. तो स्वयंचलित नव्हे. दुसऱ्यात मुख्य पुरवठ्यावर धरून ठेवलेले अभिचालित्र पुरवठा जाताच सुटते व त्याचे स्पर्शक उपकरणाला घटमालेकडे वळवितात. तिसऱ्यात काहीच वळवावे लागत नाही : पुरवठा, घटमाला आणि उपकरण ही तिन्ही कायम एकत्र जोडलेली असतात आणि पुरवठ्याचा दाब घटमालेच्या दाबाखाली गेला की, प्रवाहाचा ओघ आपोआप घटमालेकडून सुरू होतो. तंत्रज्ञ या तिसऱ्या प्रकाराला ‘फ्लोट’ म्हणतात. घटमाला पुरवठ्यावर जणू तरंगत असते. व्यवहारात हाच प्रकार टिकला. ज्या घटमालेला प्रसंग पडल्यावर बोलवावे लागते, तिच्यापेक्षा जी आधीपासून उभी आहे ती अधिक भरवशाची, हे या विषयाच्या इतिहासातून पुनःपुन्हा दिसून येते. हा इतिहास लोहमार्गावर सर्वांत स्पष्टपणे वाचता येतो आणि तो समजण्यासाठी मोठ्या शहरापेक्षा एकेरी मार्गावरचे मध्यम स्थानक अधिक सोयीचे पडते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा हे दीर्घकाळ असे स्थानक होते. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास पूर्वीपासून परिचित आहे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाचे उगमस्थान म्हणून त्याचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. दौंड–मनमाड हा सु. २३५ किमी. लांबीचा रुंदमापी लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मुंबईहून आग्नेयेस व ईशान्येस गेलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या दोन शाखांना दख्खनच्या पठारावर जोडणारा हा दुवा होता. मनमाडहून निघालेला मार्ग येवला, कोपरगाव करीत व गोदावरी ओलांडून पुणतांब्यास येतो आणि पुढे श्रीरामपूरकडे जातो. २००९ मध्ये येथून साईनगर शिर्डीपर्यंतचा सु. १७ किमी. लांबीचा फाटा सुरू झाला व पुणतांबा जंक्शन झाले.

हा मार्ग बांधला गेला तेव्हा परिसरातील कोणत्याही गावात वीज नव्हती. परंतु स्थानकांत मात्र विजेवाचून काम चालत नव्हते, कारण तारायंत्र हे लोहमार्गाबरोबरच चालत आलेले होते. वीज येई ती प्राथमिक घटांतून. डॅनियल यांच्या १८३६ मधील घटात तांबे व मोरचूद, जस्त व सौम्य अम्ल अशी जोडी असे. त्याचा दाब सु. १·०८ व्होल्ट भरे. याच घटाचा मिनोटो यांनी सुचविलेला, वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर घातलेला साधा व सांडण्याची भीती नसलेला प्रकार भारतीय तारखात्याने मोठ्या प्रमाणावर वापरला. लक्लांशे यांचा १८६६ मधील नवसागराचा घट थांबून थांबून लागणाऱ्या प्रवाहास, म्हणजे घंटा व दूरध्वनी यांस, अधिक सोयीचा होता. हे घट राखीव नव्हते. तेच मुख्य होते आणि त्यांच्यामागे काहीही नव्हते. जस्त झिजे, मोरचूद संपे, उन्हाळ्यात पाणी आटे. घट उतरला की काय होईल, हा प्रश्न त्यामुळे लोहमार्गाच्या अभियंत्यांपुढे दिव्यांची वीज येण्याच्या कितीतरी आधी उभा राहिला.

एकेरी मार्गावर त्याचे उत्तर नीट द्यावे लागते. दोन स्थानकांमधील एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, म्हणून गाडीचालकाजवळ त्या खंडाची एकमेव निशाणी असावी, हा जुना नियम आहे. इंग्लंडमध्ये १८७४ मध्ये थॉर्प येथे समोरासमोर झालेल्या भीषण टकरीनंतर एडवर्ड टायर यांनी ही निशाणी विद्युत् यंत्रात बंदिस्त करण्याची युक्ती काढली व १८७८ मध्ये, म्हणजे दौंड–मनमाड मार्ग ज्या वर्षी खुला झाला त्याच वर्षी, तिचे एकस्व घेतले. भारतात पुढे नील यांची यंत्रे रूढ झाली. त्यांतील टोकन गोळ्याच्या आकाराचे असते. शेजारच्या स्थानकाने तारेतून प्रवाह पाठविल्याखेरीज यंत्रातून गोळा निघत नाही व एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडील यंत्रे दुसरा देत नाहीत. येथे घट उतरला तर गोळा निघणार नाही, गाडी थांबेल. टक्कर होणार नाही. यंत्र बिघडले तर ते सुरक्षित बाजूला बिघडावे, हे तत्त्व सिग्नल शास्त्राचा पाया आहे.

मग घट उतरल्याने बिघडते काय? वेळापत्रक बिघडते, हे उघडच आहे; पण खरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. यंत्र मुके झाले की वाहतूक कायमची थांबवून ठेवता येत नाही. अशा वेळी स्टेशन मास्तर नियमपुस्तिकेनुसार शेजारच्या स्थानकाशी संदेशांची देवाणघेवाण करून चालकास लेखी परवाना देतो व गाडी माणसाच्या शब्दावर पुढे जाते. हे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. तथापि रात्रीची वेळ, खोळंबलेल्या गाड्या, अपुरी झोप आणि घाई यांचा प्रवेश नेमका येथेच होतो. सुरक्षित बाजूला बिघडणारे यंत्र धोका नाहीसा करीत नाही, तो माणसाच्या हाती सोपविते. राखीव घटमालेचे मोल दिवे जळत राहण्यात नसून ही वेळ येऊ न देण्यात आहे.

रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाची गोष्टही अशीच. अमेरिकन अभियंते विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये दोन रुळांच्या एका टोकास घट व दुसऱ्या टोकास अभिचालित्र जोडून बंद मंडल तयार केले. रूळ मोकळा असता अभिचालित्र आकर्षिलेले राहते; गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह चाकांतून व आसातून परत फिरतो, अभिचालित्र सुटते आणि सिग्नल लाल होतो. घट संपला, तार तुटली, रूळ भंगला तरी परिणाम तोच. या रूळमंडलाला रात्रंदिवस अल्प प्रवाह लागतो. प्राथमिक घटांवर तो चालविणे खर्चाचे असल्याने संचायक घट आणि तो सतत भरणारे साधन यांची गरज भासू लागली. तांबे व त्याचे ऑक्साइड यांच्या स्पर्शातून प्रवाह एकाच दिशेने जातो, हे लार्स ग्रोंडाल यांना १९२० च्या सुमारास आढळले आणि त्यातून १९२० च्या दशकात व्यवहारात उतरलेला पहिला घन एकदिशकारक निघाला. ग्रोंडाल हे युनियन स्विच अँड सिग्नल या सिग्नल बनविणाऱ्या कंपनीत संशोधक होते. आज प्रत्येक भ्रमणध्वनीच्या भारकात असलेल्या घन एकदिशकारकाची वाटचाल अशी रुळाकाठच्या गरजेतून सुरू झाली, ही बाब पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते.

पुन्हापुन्हा भरता येणारा घट मात्र त्यापूर्वीच सिद्ध झालेला होता. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सल्फ्यूरिक अम्लात शिशाचे पत्रे ठेवून संचायक बनविला. कामी फोर यांनी १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडांचा लेप देऊन तो कारखान्यात तयार करण्याजोगा केला. शहरांतील पहिल्या एकदिश वीजकेंद्रांत अशा घटमाला मुख्य पट्ट्यांवर जोडून ठेवीत व रात्री जनित्र बंद करून दिव्यांचा थोडा भार त्यांच्यावर सोडीत. [⟶ विद्युत् घट].

पूर्णपणे स्वयंचलित अशी पहिली मोठी व्यवस्था आगगाडीच्या डब्याखाली जन्मली. तेलाचे, पुढे दाबाखाली भरलेल्या वायूचे दिवे टक्कर वा घसरण झाली असता आग लावीत. डब्याच्या आसावरून पट्ट्याने जनित्र फिरवावे तर गाडी थांबताच अंधार, वेग वाढताच दिवे जळून जाण्याची भीती. लंडनच्या डेप्टफर्ड भागातील जे. स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात यावर जो उपाय केला तो आजही कौतुक करण्याजोगा वाटतो. जनित्र डब्याखाली तिरके टांगलेले असे. वेग वाढला की पट्ट्याच्या ओढीने ते कलून पट्टा सैल होई व घसरू लागे, त्यामुळे जनित्राचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नसे. जनित्राच्या दंडावर केंद्रोत्सारी कळ असे. पुरेसा वेग आला की फिरती वजने बाहेर फेकली जाऊन ती मिटे व जनित्र घटमालेस जोडले जाई. वेग उतरला की उघडे, जेणेकरून घटमालेतील वीज उलट जनित्रात शिरून वाया जाऊ नये. दिवे कायम घटमालेवरच असत. स्थानकात गाडी थांबली काय आणि मैदानात धावली काय, प्रवाशाला फरक जाणवत नसे. भारतातही ही पद्धत दीर्घकाळ २४ व्होल्टांवर चालली व पुढे ११० व्होल्टांवर गेली. नंतरच्या डब्यांत कुंचेविरहित प्रत्यावर्ती जनित्र व सिलिकॉन द्विप्रस्थ आले आणि फिरत्या वजनांची कळ अनावश्यक ठरली, कारण द्विप्रस्थ उलट प्रवाह मुळातच जाऊ देत नाही. एका हलत्या यंत्रावयवाचे काम नखाएवढ्या अर्धसंवाहकाने उचलले.

दूरध्वनी केंद्रांनी हाच मार्ग घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक ग्राहकाच्या घरचे घट काढून केंद्रात एकच सामाईक घटमाला ठेवण्याची पद्धत आली व नंतर ४८ व्होल्ट हा दाब सर्वत्र रूढ झाला. सी-डॉट या संस्थेने बनविलेले, वातानुकूलनाशिवाय चालणारे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. तशी केंद्रे पुढे महाराष्ट्राच्या खेड्यांतही पसरली. गावात वीज नसतानाही दूरध्वनी चालू राहतो, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटे. त्यामागे केंद्रातील घटमालेच्या ओळी होत्या.

रचना व कार्य : साध्या एकदिश पुरवठ्यात रोहित्र, एकदिशकारक, धारित्र व दाबनियंत्रक असतात. त्यास १२ व्होल्टांची शिसे-अम्ल घटमाला जोडण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन द्विप्रस्थ : एक पुरवठ्याकडून, दुसरा घटमालेकडून उपकरणाकडे. ज्याचा दाब अधिक, त्याचा द्विप्रस्थ वाहतो. दुसरा आपोआप मिटतो. सिलिकॉन द्विप्रस्थावर सु. ०·७ व्होल्ट खर्ची पडतात, शॉटकी प्रकारावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. १२ व्होल्टांच्या घटमालेत हे नुकसान दुर्लक्षिण्याजोगे नाही. घटमालेच्या भारणासाठी रोध किंवा स्वतंत्र नियंत्रक घालतात व एका घटास सु. २·३ व्होल्ट, म्हणजे सहा घटांस सु. १३·८ व्होल्ट इतका स्थिर दाब राखतात. यापेक्षा अधिक दाबाने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो (हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून घटमालेची खोली हवेशीर हवी); कमी दाबाने पट्ट्यांवर सल्फेटाचा कठीण थर बसतो.

अभिचालित्र वापरल्यास स्पर्शक एका बाजूवरून दुसरीकडे जाण्यास काही मिलिसेकंद लागतात. तेवढी पोकळी धारित्राने भरून काढावी लागते. १ अँपिअर प्रवाह १० मिलिसेकंद पुरवावयाचा असून दाब १ व्होल्टाहून अधिक घसरू द्यावयाचा नसेल, तर १०,००० मायक्रोफॅराडचे धारित्र लागते. दिव्याच्या दृष्टीने ही पोकळी शून्यवत् असली, तरी इलेक्ट्रॉनीय स्मृतीच्या दृष्टीने ती पुरी पडझड ठरू शकते. फ्लोट जोडणीत हा प्रश्न उद्भवत नाही.

नवशिक्यांकडून दोन गोष्टी हटकून राहतात. खंडित पुरवठा परत येतो तेव्हा उपकरणाचा भार आणि रिकाम्या घटमालेची भूक अशी दोन्ही ओझी एकदिशकारकावर एकाच वेळी पडतात. म्हणून त्याची क्षमता भार अधिक घटमालेच्या अँपिअर-तासांचा दहावा भाग इतकी तरी धरतात व भारणप्रवाहास मर्यादा घालतात. दुसरी गोष्ट खालच्या टोकाची. सहा घटांचा दाब १०·५ व्होल्टांखाली जाऊ दिल्यास घटमाला कायमची अधू होते, त्यासाठी तोडकळ लागते. २ अँपिअरचा भार ८ तास चालवावयाचा तर गणिताने १६ अँपिअर-तास पुरतात. परंतु वय, उष्णता व खोल विसर्जन टाळण्याची गरज ध्यानी घेता २५ ते ३० अँपिअर-तासांची घटमाला घेणे शहाणपणाचे असते.

महाराष्ट्रात या विषयाची निकड सामान्य जनतेला कळली ती २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत. ग्रामीण भागांत दिवसातील कित्येक तास वीज नसे. शेतीपंपांच्या वाहिन्यांपासून गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या केल्यावर गावातील दिव्यांना काहीसा आराम मिळाला. इन्व्हर्टर व घटमाला ही त्या काळात ऐपतदारांच्या घरची नित्याची वस्तू झाली. दिवसातून दोनदा खोलवर रिती होणारी आणि पुन्हा भरण्यास पुरेसा वेळ न मिळणारी घटमाला दोन-तीन वर्षांत निकामी होई. मोटारीची घटमाला स्वस्त म्हणून घरी वापरणाऱ्यांना तर ती त्याहूनही लवकर बदलावी लागे; तिची पातळ पट्ट्यांची घडण क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते, तासन्‌तास झिरपण्यासाठी नव्हे.

लोहमार्गावर याच सुमारास समाकलित वीजपुरवठा संच आले. लखनौ येथील संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेने त्यांचे विनिर्देश ठरविले. पूर्वी सिग्नल, अभिचालित्रे, रूळमंडले, टोकन-यंत्रे यांना प्रत्येकी वेगळा भारक व वेगळी घटमाला असे आणि देखभाल करणाऱ्याची त्यांत तारांबळ उडे. नव्या संचात २ व्होल्टांच्या ५५ घटांची एकच ११० व्होल्टांची घटमाला सर्वांच्या पाठीशी उभी असते. तिच्यावरून रूपांतरक वेगवेगळे दाब काढून देतात आणि काटे फिरविणारी चलित्रे थेट चालतात. विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर डोक्यावरील २५ किलोव्होल्ट तारेवरून रोहित्राने उतरविलेली वीज प्रथम, मग गावची वीज, मग डीझेल जनित्र असा क्रम असतो. या तिन्हींमध्ये जी फट पडते ती घटमाला बुजविते. घटमाला अर्धी रिती झाली की स्टेशन मास्तरसमोरच्या फलकावर इशारा येतो, आणखी उतरल्यास तो अधिक तातडीचा होतो व शेवटी संच स्वतःच बंद होतो. शेवटच्या पायरीवर जनित्र सुरू करण्यास पुन्हा माणूसच लागतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वयंचलन काही तासांची मुदत मिळवून देते, एवढेच.

देखभाल : घटमालेचा दोष असा की, ती मुकाट्याने म्हातारी होते. फ्लोटवर असताना दाबमापक निरोगी आकडा दाखवितो, कारण तो आकडा भारकाचा असतो, घटाचा नव्हे. जुन्या उघड्या घटांत अम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजून प्रकृती कळे. साधारण १·२१ ते १·१८ या पल्ल्यातील आकडे नोंदवहीत प्रत्येक घटापुढे लिहीत, आणि एखाद्या घटाची ओळ इतरांपेक्षा खाली जाऊ लागली की तो घट वेळीच बदलता येई. बंदिस्त घटांत अम्ल दिसत नाही. त्यांची पारख प्रत्यक्ष भार घालून किंवा अंतर्गत रोध मोजूनच करावी लागते. पाणी घालण्याचा त्रास गेला, त्यासोबत घटाकडे नियमाने पाहण्याची सवयही गेली, अशी जुन्या तंत्रज्ञांची तक्रार आहे व ती निराधार नाही. उष्णतेचाही विचार करावा लागतो. २५° से. ला मोजलेले आयुष्य तापमान १०° वाढले की सु. निम्मे होते, म्हणून प्रत्येक अंशामागे प्रत्येक घटास सु. ३ मिलिव्होल्ट दाब उतरवितात. गोदाकाठच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमान ४०° झाले, तर १३·८ व्होल्टांचा आकडा सु. १३·५ वर आणणे इष्ट असते. ज्या भारकात ही सोय नसते तो घटमालेला उन्हाळाभर हळूहळू शिजवीत राहतो.

अलीकडे लिथियम-लोह-फॉस्फेट घट या क्षेत्रात शिरले आहेत. त्यांचा दाब प्रत्येकी सु. ३·२ व्होल्ट असून चार घटांची माला १२ व्होल्टांच्या जागी बसते, वजन बरेच कमी असते आणि खोल विसर्जनाने ते सहसा खचत नाहीत. तथापि पूर्ण भरलेल्या स्थितीत सतत दाबाखाली ठेवणे त्यांना मानवत नाही, त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे चाललेली फ्लोटची रीत त्यांच्यासाठी बदलावी लागते : भारक घट भरून थांबतो, घटमाला द्विप्रस्थामागे किंवा इलेक्ट्रॉनीय कळीमागे उभी राहते आणि दाब ठराविक मर्यादेखाली गेला की भारण पुन्हा सुरू होते. याशिवाय प्रत्येक मालेत घटांवर लक्ष ठेवणारे नियंत्रक मंडल असते आणि एखादा घट धोक्याच्या मर्यादेत गेला की ते सबंध माला तोडून टाकते. शिसे-अम्ल घटमाला स्वतः बिघडत जाऊनही शेवटपर्यंत प्रवाह देत राही. लिथियम माला स्वतःस वाचविण्यासाठी भार सोडून देऊ शकते, त्यामुळे सिग्नल यंत्रणेत ती वापरताना आणीबाणीच्या क्षणी घट वाचवावा की पुरवठा चालू ठेवावा, याचा निर्णय रचनाकाराला आधीच घेऊन तसा तो नियंत्रकात घालून ठेवावा लागतो.